चहा बंद होता ते दिवस

आमच्या घरातला चहा मी बंद केला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी ते बाच्या नाहीतर मायच्या माथी मारू नये. मी तेव्हा सोळाचा असेन, फार तर सतराचा. चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. गुरुजींनी चूक नसताना छडी मारली, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो. ती आणायला अजून गेलो नाही. असा माणूस लिहायला बसला तर वाकडंतिकडंच लिहिणार. सून म्हणते, मामाजी, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, नको. माझ्या हातानं रंधा मारता येतो तर चार ओळीही मारता येतील.

वडनेरपासून दीड कोसावर आमचं गाव. बा सुतार, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. घरापुढं कडुनिंब आणि त्याच्या खाली आमचं दुकान, म्हणजे एक जाड ओंडका, दोन ठोकळे आणि हत्यारांची पेटी. दिवस उजाडला की करवतीची खरखर सुरू व्हायची, मग रंध्याचा सळसळता आवाज, मधूनच वासल्याचे टकटक घाव. मला आजही सकाळी जाग येते ती या आवाजांची वाट पाहत, आणि ऐकू येते ती नातवाच्या मोटारसायकलची किक. रंध्यातून निघालेले सागाचे छिलके माय टोपल्यात भरून न्यायची. तिच्या चुलीचं सरपण तेच. त्या धुराला गोडसर वास असायचा. त्या धुरावर शिजलेलं तुरीचं वरण, आंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या मला नंतर कोणाच्याच घरी मिळाल्या नाहीत. लग्नघरी नाही आणि हॉटेलातही नाही.

आणि चहा. बंडीचं चाक दाखवायला आलेला माणूस असो की कोळपणीचा डवरा नीट करून घ्यायला आलेला, अंगणात चपलांचा आवाज आला की माय न विचारता आधण ठेवायची. बा म्हणायचा, "बस ना गा, घोटभर घेऊन जाय." घोटभर घ्यायला आलेला माणूस तासभर बसायचा. आमच्या शेजारची गयामाय तर दिवसातून तीनदा यायची. तिला नवरा नव्हता, पोरबाळ नव्हतं. कापूस वेचून पोट भरायची. तिची स्वतःची पितळी वाटी होती, पदराखाली धरून आणायची. कप तिला चालत नसे. वाटीत फुंकर मारायची, एक घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "आता जीवात जीव आला वं माय." तिच्या साऱ्या जन्माची मौज त्या वाटीत होती.

मग बाच्या पायावर वासला पडला. चार बंड्यांचं काम आलं होतं. त्यासाठी वडनेरच्या टालावरून बानं सागाचं नि बाभळीचं लाकूड उधार आणून ठेवलं होतं. सेवाग्रामच्या दवाखान्यात त्याचा पाय वाचला, पण महिनेच्या महिने त्याला उभं राहता आलं नाही. बंड्या करून घेणारे दुसऱ्या मिस्त्रीकडं गेले. त्यांचाही दोष नाही, हंगाम कोणासाठी थांबतो? पडून असलेलं ते उधारीचं लाकूड आम्ही एकेक फळी विकून खाल्लं. खाल्लं म्हणजे अक्षरशः खाल्लं. ज्वारी त्यातून आली, मीठ त्यातून आलं, बाच्या पायाला लावायचं तेल त्यातूनच आलं. बा काठी घेऊन चालायला लागला तोवर अंगणात लाकूड नव्हतं आणि टालाची उधारी मात्र पुरी उभी होती.

टालाचा सेठ तगादा लावणारा नव्हता. एकदाही माणूस पाठवला नाही. पण वडनेरच्या बाजारात शिरायचं तर रस्ता टालासमोरूनच जात होता. बाजाराच्या दिवशी मी बाबरोबर जायचो. टाल यायच्या आधी बा डावीकडं वळायचा, नाल्याच्या कडेनं, गोट्यांतून, काट्यांतून, काठी टेकत, पार मागच्या अंगानं बाजारात शिरायचा. एकदा म्हटलं, "बा, इकडून काऊन? सरळ रस्ता हाय ना." तो म्हणाला, "इकडून सावली लागते." भर दुपारचं ऊन, नाल्याला एक झाड नाही. मी त्याच्या मागून चालत होतो. त्याच्या पायाची पट्टी सुटून धुळीत फरफटत होती, आणि त्याला कळत नव्हतं की न कळल्यासारखं दाखवत होता ते मला सांगता येणार नाही. त्याच दिवशी मी ठरवलं, या माणसाला समोरच्या रस्त्यानं न्यायचं.

घरी येऊन मी फर्मान काढलं. बा पुन्हा बसून कामं करत होता, तिफण, डवरे, खाटा, जे येईल ते, आणि करवत ओढायला मी होतोच. येत होतं ते थोडं होतं, म्हणून जात होतं ते बंद करायचं. बाची बिडी बंद. बाजारातला चिवडा बंद. फोडणीत तेल बोटभर नाही, थेंबभर. साबण नाही, कपडे राखेनं धुवायचे. काडीपेटी एकच आणि ती मायच्या हाती. दुसऱ्या घरच्या चुलीत विस्तव असेल तर तो मागून आणायचा. माय तर माझ्या आधीपासूनच भाकरीचं पीठ भिजवताना एक मूठ काढून गाडग्यात परत टाकायची, तिला कोणी शिकवावं लागलं नाही. ती गुमान ऐकून घेत होती. पण मी म्हटलं, "अन् चहा बंद," तशी तिची मान वर झाली.

"घरचा बंद कर. आल्यागेल्याचा कसा बंद करशीन? माणूस दारात येते अन् तसाच जाते, असं घर पाह्यलं का तू कुठी?"

"साखर काय झाडाले लागते का?"

"साखरेचं नाई बोलून राह्यली मी," माय म्हणाली. "लोकाईले तोंड दाखवाचं बोलून राह्यली."

तिसऱ्याच दिवशी बाचा जुना दोस्त सखाराम आला. मी करवतीवर होतो. माय सवयीनं उठली, चुलीकडं निघाली. घरात साखर नव्हती, ती उसनी आणणार होती, मला ठाऊक होतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "काका, आमच्या घरी चहा बंद हाय. गिरडच्या बाबाचा नवस हाय. बाचा पाय बरा होऊन बा सोताच्या पायानं टेकडी चढत नाई, तवर घरात चहाचं आधण नाई."

सखारामकाकानं दोन्ही हात जोडले. "बरं केलं रे पोट्ट्या. बाबा पावते."

बाच्या हातातला रंधा थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता बोलतो. पण बोलला असता तर मिस्त्रीच्या घरी साखर नाही हे गावभर झालं असतं. तो पुन्हा रंधा मारायला लागला, जरा जोरानं. सखारामकाका गेल्यावर मायनं मला आत बोलावलं. तिचा चेहरा उतरला होता. आमच्याकडं एक गोष्ट सांगतात, गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबाची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचे गोटे झाले म्हणून. टेकडीवर सुपारीसारखे, नारळासारखे गोटे सापडतात ते त्याचेच. माय म्हणाली, "बाबाच्या नावानं खोटं बोलला तू बाबू. आता काय काय गोटे होते ते पायजो." मी हसलो. पण ती पाणी भरायला गेल्यावर ज्वारीच्या कोठीत हात घालून टालासाठी साठवलेले पैसे चाचपून पाहिले. पैसेच होते.

माझा नवस गावात असा चालला की विचारू नका. कोणी रुसलं नाही, कोणी नाव ठेवलं नाही. उलट लोक येताना बाला म्हणायचे, "मिस्त्री, पाय कसा हाय? बाबा करन बरं." मी मनात म्हणायचो, काय डोकं आहे आपलं! गयामायही वाटी घेऊन यायची बंद झाली. तेही मला बरंच वाटलं. दिवसाच्या तीन वाट्या वाचल्या. आज हे लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा वाटलं ते वाटलं, खोटं कशाला लिहू?

दोन महिने असे गेले. एक दिवस गयामायनं निरोप दिला, दाराची चौकट निसटली, ठोकून दे. मी पेटीतून खिळे घेऊन गेलो. ती ओट्यावर बसली होती, डोक्याला फडकं घट्ट आवळलेलं. चूल थंड. चहाचा गंज, म्हणजे पातेलं, भिंतीला पालथा टेकवून ठेवला होता आणि त्याच्या कडेला कोळिष्टक धरलं होतं. पितळी वाटी वर कोनाड्यात, तीही पालथी.

"काऊन वं गयामाय, डोकं दुखून राह्यलं का?"

"दुखते रोजच. चहा सोडला तवापासून दुखते. दुखू दे."

"सोडला? तू काऊन सोडला?"

"घ्या! तुह्या घरी नवस अन् म्या इकडं गंज मांडून बसू? तुह्या बानं मले ह्या घराची कवाडं फुकट करून देल्ली, मालूम हाय का तुले? तू नव्हता तवा. म्या बाबाच्या नावानं चहावर पाणी सोडलं. मिस्त्री टेकडी चढन तवा वाटी सरळ करीन."

मी चौकट ठोकली. एक खिळा वाकला, तो काढून दुसरा मारला, तोही वाकला. सुताराच्या पोराच्या हातून दोन खिळे वाकले. तिनं विचारलं, "काय झालं रे?" मी म्हटलं, "काही नाई." आणि घरी आलो.

कबूल करायला मला आठ दिवस लागले. लोक म्हणतात मी जिद्दी आहे. जिद्द चांगली गोष्ट आहे, पण त्या आठ दिवसांतली माझी जिद्द काही कामाची नव्हती. मी रोज ठरवायचो आणि रोज तिच्या दारापासून परत यायचो. मला भीती गावाची नव्हती. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून डोकं बांधून घेतलं होतं, आणि मी तिच्या तीन वाट्या मोजून खूश झालो होतो, हे तिला सांगायचं कोणत्या तोंडानं? शेवटी वावरात ती कापूस वेचताना दिसली. दुपारची सुटी होती, बाकीच्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चहा करत होत्या आणि ही त्यांच्याकडं पाठ करून लांब बसली होती, वास येऊ नये म्हणून नाकाला पदर लावून. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. साखर नव्हती, उधारी फेडायची होती, नवस मी मनानं रचला.

हातातलं कापसाचं बोंड तिनं माझ्या तोंडावर फेकून मारलं.

"मेल्या! पाळण्यात होता तवापासून पाहून राह्यली तुले, असाच हाय तू!"

"हो. आता तू चहा घे, गयामाय. नवस खोटा हाय."

"तुहा खोटा असन. माहा तर खरा हाय. नवस काय तुह्या घरचा पाट हाय का, मांडला अन् उचलला? म्या बाबाले शब्द देल्ला. मिस्त्री टेकडी चढल्याबिगर मी थेंब घेत नाई."

आता काय करायचं? सेवाग्रामचे डॉक्टर आधीच बोलले होते, पाय चालेल, पण लंगडा राहील. बा अंगण ओलांडताना दमत होता. आणि गयामायला जन्मभर बिनचहाची ठेवून मी टालाची उधारी फेडली असती, तर ती उधारी फिटली असती असं मला आजही वाटत नाही.

बाला सांगितलं. तो खाटेचा पाय कोरत होता. ऐकून त्यानं पटाशी खाली ठेवली, पायावरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "गिरडची गाडी केव्हाची हाय?"

माय आतून म्हणाली, "जायचं तर रिकाम्या हातानं नाई. रोडगे करू. पीठ हाय माह्यापाशी." तिनं गाडगं पुढं सरकवलं. मुठीमुठीनं साठवलेलं ते पीठ तोंडाशी आलं होतं.

पण गाडीभाडं होतं, हिंगणघाटला उतरून दुसरी गाडी, तूप, वांगी, गूळ, चादरीचे पैसे. कोठीतल्या पैशाला हात लागणार होता. सेठला दिलेला वायदा चुकणार होता, आणि वायदा मी दिला होता, चहा बंद केला त्याच आठवड्यात टालावर जाऊन, छाती पुढं काढून. म्हणून मीच टालावर गेलो. उभा राहिलो. जन्मात कोणाजवळ काही मागितलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "सेठ, एक महिना उशीर होईन."

सेठ तराजूपाशी बसून पान लावत होता. वर न पाहता म्हणाला, "होने दे. पैसे कहां भागे जाते हैं." मी वळलो तर त्यानं मागून हाक मारली. "सुन. तेरा बाप पीछे के रास्ते से जाता है. मेरे को क्या दिखता नहीं? उसको बोल, सामने से जाया कर. पैर दुखता होगा उसका."

मी तिथून कसा निघालो मला माहीत नाही. डोळे पुसले ते पुढं नाल्यावर जाऊन. हे बाला मी त्या दिवशी सांगितलं नाही. एक महिन्यानं शेवटचे पैसे घेऊन आम्ही दोघं गेलो तेव्हा सांगितलं, टाल दिसायला लागल्यावर. बा थांबला. डावीकडं नाल्याची वाट होती. त्यानं तिकडं पाहिलं, डोक्याची टोपी नीट केली आणि समोरच्या रस्त्यानं काठी वाजवत चालायला लागला. मुद्दाम वाजवत होता. तो आवाज रंध्याच्या आवाजाइतकाच मला पाठ आहे.

पण मला जास्त आठवतं ते गिरड.

सकाळीच पोचलो आम्ही चौघं. टेकडी काही फार मोठी नाही, चांगल्या पायाचा माणूस बोलता बोलता चढतो. बानं पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि काठी माझ्या हातात दिली.

"सोताच्या पायानं म्हटलं होतं ना तू," तो म्हणाला. "काठी काय पाय हाय?"

"बा, काठीचं काही नाई..."

"तुले विचारलं का?"

मी खांदा पुढं केला, तो त्यानं बाजूला सारला. माझा हट्ट कुठून आला ते मला त्या पायऱ्यांवर कळलं. एक पायरी चढायचा, थांबायचा. बरा पाय वर, मग दुसरा ओढून त्याच्याशेजारी. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. माय मागून तोंडातल्या तोंडात बाबाचं नाव घेत होती. आणि गयामाय, डोक्याला तेच फडकं बांधलेली, एक पायरी मागं राहून हात पसरून चढत होती. मिस्त्री पडला तर झेलायला! तिच्या अंगात होतं तरी काय, पडला असता तर दोघंही खाली आली असती. अर्ध्यावर बा बसला. मला वाटलं, झालं. लोक खाली-वर जात होते, कोणी पाणी दिलं. बा पाणी प्यायला आणि गयामायला म्हणाला, "गयाबाई, लई चहाबाज हाय बुवा तू. एका वाटीसाठी माहा जीव घेऊन राह्यली."

"चढ ना गा," ती म्हणाली. "डोकं फुटून राह्यलं माहं."

तो हसला, आणि हसता हसताच उठला.

वर चादर चढवली, डोकं टेकवलं. मी काय मागितलं ते लिहीत नाही. माफी मागितली, एवढं लिहितो. खाली उतरून झाडाखाली मायनं गोवऱ्या पेटवल्या, रोडगे विस्तवात घातले, वांगी चिरली. सगळ्यांच्या आधी मी तीन दगडांची चूल मांडली. पावशेर दूध आणलं, आलं ठेचलं, चहाचं आधण ठेवलं. माझ्या हातचा तो पहिला चहा. उकळी फुटली तेव्हा माय, बा आणि गयामाय तिघंही गंजाकडं पाहत बसली होती, जसं आत काही शिजून नवीनच निघणार आहे.

गयामायनं पदराखालून वाटी काढली. चिंचेनं घासून लखलखीत करून आणली होती. मी ओतलं. तिनं फुंकर मारली, पुन्हा मारली, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. आम्ही वाट पाहत होतो, आता म्हणेल जीवात जीव आला.

तिनं एक डोळा उघडला. "साखर कमी हाय रे, कंजूस."

मी साखरेची पुडी उचलली आणि सगळीच्या सगळी तिच्या वाटीत उलटी केली. माय "अरे अरे" करत उठली. बानं आपला कप पुढं केला.

"इकडं बी टाक," तो म्हणाला. "कागद झटकून टाक."